घर नावावर करून देण्याआधी : महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मासिक सभांमध्ये आहार, गुडघेदुखी, मोबाइलवरची फसवणूक अशा विषयांवर व्याख्याने होतात आणि ती व्हायलाच हवीत. घर, शेत, ठेवी यांच्या कागदपत्रांचा विषय निघाला की मात्र बहुतेक ठिकाणी तासाभरात मृत्युपत्राचे महत्त्व सांगून सभा संपते. सभासद घरी जाऊन काहीच करत नाहीत. किंवा त्याहून वाईट म्हणजे, मुलांनी टाइप करून आणलेल्या बक्षीसपत्रावर सही करून मोकळे होतात. आम्ही ज्येष्ठांचे दस्त लिहिणारी आणि ते दस्त बिघडल्यावर पुढची धावपळ पाहणारी मंडळी आहोत. आमचे आपल्याकडे एकच मागणे आहे. राहते घर हयातीत कोणाच्याही नावावर करून देऊ नये, आणि द्यायचेच ठरले तर अट लिहिल्याशिवाय देऊ नये, ही गोष्ट संघाने प्रत्येक सभासदाला कागद समोर ठेवून समजावून सांगावी.

बक्षीसपत्राचा मोह कुठून येतो ते आधी पाहू. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक संस्थेचा अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, पण खरेदीखताच्या मानाने रक्कम किरकोळच. मग घरात बोलणे सुरू होते. ‘आत्ताच स्वस्तात नावावर होतेय, नंतर कोर्टकचेऱ्या होतील, टॅक्स लागेल.’ यातला प्रत्येक मुद्दा तपासून घ्यावा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नाही. ते साध्या कोऱ्या कागदावर चालते. आपल्या देशात वारसाहक्कावर कर नाही; पूर्वीचे संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले. मृत्युपत्राने किंवा वारसाने मिळालेली मालमत्ता घेणाऱ्याच्या हाती आयकरास पात्र उत्पन्न ठरत नाही. म्हणजे पैसे वाचतात म्हणून हयातीत घर देण्याला आधार उरत नाही. ज्या कामाला मृत्युपत्र पुरते त्या कामासाठी बक्षीसपत्र करून घेतले जाते, आणि त्याची किंमत पुढे आई-वडील मोजतात.

बक्षीसपत्र नोंदवले गेले आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले की त्या क्षणी मालकी जाते. देणाऱ्याचे मन बदलले एवढ्या कारणावरून ते परत घेता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ मधील अपवाद फार अरुंद आहेत. मृत्युपत्र याच्या अगदी उलट असते. शेवटच्या श्वासापर्यंत ते बदलता येते, फाडता येते, नवे करता येते. हा फरक सभेत दोनदा सांगावा, कारण ‘नावावर करणे’ या एका शब्दप्रयोगाखाली लोक दोन्ही गोष्टी एकच समजतात.

मालकी गेल्यावर काय काय होऊ शकते? मुलगा वाईट निघेल, हा एकच धोका लोकांच्या डोळ्यांसमोर असतो आणि आपल्या मुलाबद्दल तसे मनात आणणेही त्यांना नकोसे वाटते. पण मुलगा सद्गुणी असला तरी त्याचा धंदा बुडू शकतो आणि सावकार किंवा बँक त्याच्या नावावरच्या घरावर जप्ती आणू शकते. त्याच्या घटस्फोटाच्या दाव्यात ते घर येऊ शकते. आणि सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, मुलगा आई-वडिलांच्या आधी गेला तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याचे वर्ग १ चे, म्हणजे सगळ्यात आधी हक्क येणारे वारस म्हणजे पत्नी, मुले आणि आई. वडील त्या वर्गात नाहीत. ज्यांनी आयुष्यभर हप्ते भरून घर घेतले आणि मुलाला बक्षीस दिले, त्या वडिलांचा मुलाच्या मृत्यूनंतर त्याच घरात कायद्याने काहीही वाटा उरत नाही. सुनेशी संबंध चांगले असतील तर प्रश्न येत नाही. नसतील तर ऐंशीव्या वर्षी घर शोधावे लागते.

आता अटीविषयी. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ यातील कलम २३ मुळे पुष्कळांना वाटते की मुलाने सांभाळले नाही तर बक्षीसपत्र आपोआप रद्द होते. तसे होत नाही. कलमाचे शब्द असे आहेत की हस्तांतर करताना घेणाऱ्याने ज्येष्ठाच्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा पुरवाव्यात ही अट असली पाहिजे, आणि ती त्याने मोडली असली पाहिजे. तेव्हा ते हस्तांतर फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाने झाले असे मानले जाते आणि या कायद्याखाली प्रांत कार्यालयात चालणारे न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. ६ डिसेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले की नुसते हस्तांतर पुरेसे नाही, अट होती हे दाखवावे लागते. २ जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या निकालात त्याच न्यायालयाने कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे सांगितले आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देववू शकते असे म्हटले. त्या प्रकरणात मुलाने सांभाळ करण्याचे वचन वेगळ्या कागदावर लिहून दिले होते आणि तो कागद आईच्या कामी आला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की सभासदांना सांगायची गोष्ट एकच उरते : लिहून घ्या.

छापील नमुन्यातल्या बक्षीसपत्रात नेमके उलटे लिहिलेले असते. ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी, कोणत्याही अटी-शर्तीशिवाय, राजीखुशीने’ हे शब्द दस्त लिहिणारे सवयीने घालतात आणि त्या चार शब्दांनी कलम २३ चा आधार जवळजवळ निघून जातो. त्याऐवजी दस्तात पुढील आशयाचा परिच्छेद हवा :

‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांच्या हयातीपर्यंत त्यांच्या निवास, अन्न, वस्त्र, औषधोपचार व शुश्रूषेची सोय करावी, या अटीवर हे बक्षीसपत्र करून दिले आहे. लिहून देणार व त्यांचे पती/पत्नी यांना सदर मिळकतीत हयातभर राहण्याचा हक्क राहील. ही अट मोडल्यास सदर बक्षीसपत्र आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ अन्वये रद्द होण्यास पात्र राहील. ही अट लिहून घेणार यांना मान्य आहे.’

हा परिच्छेद संघाने फलकावर लावावा. मुलगा किंवा मुलगी हे वाक्य घालायला कां-कूं करत असेल, तर त्या संकोचातच सभासदाला उत्तर मिळाले असे समजावे. आणखी एक लक्षात ठेवावे. कलम २३ कायदा अमलात आल्यानंतरच्या हस्तांतरांना लागू आहे, त्याआधीच्या जुन्या बक्षीसपत्रांना नाही.

बक्षीसपत्राइतकेच घातक आणि त्याहून गुपचूप होणारे काम म्हणजे हक्कसोडपत्र. वडील गेल्यावर महिना-दोन महिन्यांत, घरात अजून दुःख असताना, ‘सोसायटीचे काम सोपे व्हावे म्हणून’ आईची सही घेतली जाते. आईला वाटते, आपण फक्त नोंदीसाठी सही करतोय. खरे म्हणजे ती आपला हिस्सा कायमचा सोडत असते. तो हिस्सा किती मोठा असतो याचा हिशेब मांडून दाखवावा. समजा फ्लॅट पती-पत्नीच्या नावे निम्मा-निम्मा आहे, दोन मुले आहेत, पतीची आई हयात नाही आणि पती मृत्युपत्र न करता गेले. पत्नीचा स्वतःचा अर्धा तसाच राहतो. पतीच्या अर्ध्याचे तीन समान भाग होतात, म्हणून तिला आणखी एक षष्ठांश मिळतो. एकूण दोन तृतीयांश घर तिचे आणि प्रत्येक मुलाचे एक षष्ठांश. मुलीचा वाटा मुलाइतकाच, तिचे लग्न झालेले असो वा नसो. हे गणित माहीत असलेली बाई घाईत सही करत नाही. कलम २३ बक्षीसपत्रापुरते नाही. ‘बक्षीस किंवा अन्य प्रकारे’ केलेल्या हस्तांतराला ते लागू आहे. त्यामुळे हक्कसोडपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट त्यातही लिहावी. संघाच्या महिला विभागाने फक्त याच विषयावर स्वतंत्र सभा घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

त्या सभेत दुसरी गोष्टही सांगावी. मूल नसलेल्या विधवा हिंदू स्त्रीने मृत्युपत्र केले नाही, तर तिच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवरही आधी पतीच्या वारसांचा हक्क येतो आणि तिचे स्वतःचे आई-वडील त्यांच्यानंतर येतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ ची ही रचना आहे. फक्त आई-वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, मूलबाळ नसेल तर, माहेरच्या बाजूला परत जाते. निवृत्तिवेतनातून बँकेत ठेव साठवलेल्या शिक्षिकेला आपली ठेव भाचीला मिळावी असे वाटत असेल, तर ते लिहूनच ठेवावे लागेल.

मृत्युपत्राबद्दल आता नीट सांगतो, कारण ते सोपे असूनही लोक ठरावीक जागी चुकतात. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार एवढे पुरते. दोघांनीही करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही माझीच सही’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्यांनी त्याच्यासमोर सही करावी. टेबलावर ठेवून ‘वेळ मिळेल तेव्हा सही कर’ असे म्हटलेल्या साक्षीदाराची सही पुढे निरुपयोगी ठरते.

साक्षीदार निवडताना संघाच्याच मित्राला घेण्याची पद्धत आहे. प्रेमाने घेतलेला हा निर्णय चुकीचा असतो. मृत्युपत्रावर वाद झाला तर हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराला न्यायालयात उभे करावे लागते. करणारा ७८ वर्षांचा आणि दोन्ही साक्षीदार ७५ वर्षांचे असतील, तर दहा वर्षांनी दोघेही नसण्याची किंवा काही न आठवण्याची शक्यता मोठी. मग सह्या ओळखणारा कोणी शोधावा लागतो. साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान, त्याच गावात राहणारा, पत्ता सहज सापडेल असा असावा. कुटुंबाचे डॉक्टर उत्तम. ज्याला मालमत्ता मिळणार आहे तो किंवा त्याची पत्नी साक्षीदार नको, आणि सही होताना खोलीतही नको. लाभ घेणाऱ्यानेच मसुदा आणला, रिक्षा करून नेले, साक्षीदार जमवले, ही न्यायालयाच्या नजरेत संशयाची परिस्थिती असते आणि तो संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. एखाद्या अपत्याला काही द्यायचे नसेल, तर त्याचे कारण दोन ओळींत शांतपणे लिहावे. कारण न देता एकाला वगळणे हेही संशयाचे कारण मानले जाते.

नोंदणी सक्तीची नाही. तरी करावी असे आमचे मत आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात करणाऱ्याचा फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, त्यामुळे ‘ही सही त्यांची नाहीच’ हा वाद दुबळा होतो. पुष्कळांना भीती असते की नोंदणी केली की मुलांना कळेल. कायद्याप्रमाणे हयातीत नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल फक्त करणाऱ्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात. त्यासाठी डॉक्टरांच्या दाखल्यासह गृहभेटीचा अर्ज द्यावा. मात्र नोंदलेले मृत्युपत्र म्हणजे दगडावरची रेघ असा गैरसमज नको. नंतरचे, नोंदणी न केलेले मृत्युपत्रही कायद्याने योग्य असेल तर आधीचे नोंदलेले रद्द करते. म्हणून पहिल्याच ओळीत ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ असे लिहून तारीख घालावी.

मजकुरात नेहमी राहून जाणाऱ्या गोष्टी. मालमत्तेचे वर्णन सातबारा, मिळकत पत्रिका किंवा सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा उतारा, म्हणजे इंडेक्स २) वरून जसेच्या तसे उतरवावे. ‘गावची जमीन’ एवढे लिहून भागत नाही, गट क्रमांक आणि क्षेत्र हवे. शेतीचे अगदी लहान तुकडे करून वाटले तर तुकडेबंदी कायद्यामुळे नोंदी अडतात, तेव्हा एकाला जमीन आणि दुसऱ्याला ठेव असे विभागणे शहाणपणाचे. प्रत्येक लाभधारकासाठी ‘तो माझ्याआधी गेल्यास’ पुढे कोण, हे लिहावे. शेवटी ‘वर उल्लेख न झालेली माझी इतर सर्व मालमत्ता’ कोणाला, हे लिहावे. नव्याने घेतलेली ठेव याच ओळीत बसते. व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा माणूस नेमावा आणि तो महाराष्ट्रात राहणारा असावा. न्यू जर्सीतला मुलगा कितीही कर्तबगार असला तरी सोसायटीच्या आणि बँकेच्या खेपा त्याला जमत नाहीत. प्रत्येक पानावर सही करावी, खाडाखोडीपाशी करणाऱ्याने आणि साक्षीदारांनी सह्या कराव्यात, आणि त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. त्यावर त्यांचा नोंदणी क्रमांक असावा.

पत्नीबद्दल लिहिताना विशेष जपावे. ‘माझ्या पश्चात घर पत्नीला, तिच्या पश्चात मुलाला’ या एका वाक्यावर वर्षानुवर्षे दावे चालतात. पत्नीला पूर्ण मालकी दिली की फक्त हयातभर राहण्याचा हक्क, हे त्यातून कळत नाही. पूर्ण मालकी द्यायची असेल तर ‘विकण्याच्या व मृत्युपत्र करण्याच्या अधिकारासह’ असे लिहावे आणि पुढचे वाक्य गाळावे. शक्य असेल तिथे पूर्ण मालकीच द्यावी असे आम्ही म्हणतो. आजारपणात पैसा लागला तर घर विकायचा अधिकार तिच्या हाती असला पाहिजे. पती-पत्नीने एकत्र मृत्युपत्र न करता दोघांनी वेगवेगळी करावीत. आणि ज्याचे नाव करारनाम्यात पहिले तोच पूर्ण मालक असेही नाही. दुसऱ्याच्या हिश्शाबद्दल आपण मृत्युपत्रात लिहू शकत नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो.

मुस्लिम सभासदांसाठी नियम वेगळा आहे : वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात घर असलेल्यांनी तिथला उत्तराधिकार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडेच जावे. तिथे जोडीदाराचा अर्धा वाटा आणि मुलांचा राखीव हिस्सा सोडूनच उरलेल्याचे मृत्युपत्र करता येते. मुंबईत मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, घेण्याची सक्ती अनेक दशके होती. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या ज्या कलम २१३ मुळे ती होती ते संसदेने २०२५ च्या अखेरीस वगळले. वाद दिसत असेल तर प्रोबेट घेणे तरीही हिताचे. आणि मुंबईत पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांनी हे आवर्जून ऐकावे : भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे तो मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. सासरी ठाण्याला राहणाऱ्या मुलीला गिरगावची खोली लिहून दिली तरी तो मजकूर टिकत नाही.

नामनिर्देशनाबद्दल गैरसमज इतका खोल आहे की सोसायट्यांचे पदाधिकारीही चुकीचे सांगतात. नॉमिनी मालक नसतो. तो पैसा किंवा फ्लॅट वारसांच्या वतीने ताब्यात घेणारा असतो. शेअर, ठेवी यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले आहे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतचा निकाल १४ डिसेंबर २०२३ चा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर (कलम १५४ ब-१३) गृहनिर्माण संस्था नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घेते. मृत्युपत्र, वारस दाखला किंवा कुटुंबाचा व्यवस्थापत्र दस्त आला की त्यात नमूद झालेल्या व्यक्तीला कायम सभासदत्व मिळते. म्हणून नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसरा अशी फोड ठेवू नये. ताबा एकाकडे आणि मालकी दुसऱ्याकडे गेली की भांडण ठरलेले.

तरीही नामनिर्देशन करावेच, कारण त्याशिवाय पैसा अडकतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, टक्केवारी ठरवून एकाच वेळी किंवा एकामागून एक. लॉकरसाठी मात्र एकामागून एकच. मृत खातेदाराच्या दाव्यांबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार पूर्ण कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. नॉमिनी नसलेल्या खात्यात व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत वारस दाखल्याचा आग्रह न धरता सोपी पद्धत वापरायची आहे. बँक स्वतःहून याहून जास्त मर्यादा ठेवू शकते. हे दोन आकडे सभासदांनी पाठ करावेत. काउंटरवर उपयोगी पडतात. पती-पत्नीची मुदत ठेव असेल तर ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ यासोबत, एकाच्या मृत्यूनंतर मुदतीपूर्वी मोडण्याची दोघांची लेखी संमतीही आजच देऊन ठेवावी.

आजारपणाच्या कागदांबद्दल थोडक्यात. कुलमुखत्यारपत्र देणारा वारला की संपते, आणि त्याची समज पूर्ण गेली तरी त्यावर विसंबून राहता येत नाही. विस्मरणाचा आजार किंवा पक्षाघातानंतर घरच्यांना बँकेचे साधे काम करायलाही उच्च न्यायालयातून पालकत्व घ्यावे लागू शकते. म्हणून निदान कळताच, समज शाबूत असताना खाती संयुक्त करून घ्यावीत आणि मृत्युपत्र उरकावे. कृत्रिम जीवरक्षक उपचार नको असतील तर त्याचे वैद्यकीय इच्छापत्र २४ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या सुधारित सूचनांनुसार दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. पूर्वीसारखे न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावे लागत नाही. त्याची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्यावी.

आता ज्यांचे घर आधीच गेले आहे आणि सांभाळ होत नाही, त्यांच्याबद्दल. इथे आपल्या संघाला २००७ च्या त्याच अधिनियमाने जागा दिली आहे, हे फार थोड्या कार्यकारिणींना माहीत असते. ज्येष्ठ व्यक्ती स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल तर तिने अधिकृत केलेली नोंदणीकृत संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे करायचा. ज्येष्ठ जिथे राहतात किंवा शेवटी राहत होते, अथवा मुले जिथे राहतात, त्यांपैकी कुठलेही ठिकाण चालते. दोन्ही बाजूंना वकील लावता येत नाही, त्यामुळे अर्ज साध्या भाषेत आणि मुद्देसूद असणे महत्त्वाचे. वयाचा पुरावा, बक्षीसपत्राची प्रत व सूची २, अट लिहिलेला वेगळा कागद असल्यास तो, औषधांची बिले आणि महिन्याच्या खर्चाची यादी जोडावी. निर्वाह भत्त्याची मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, अपवादाने आणखी ३० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, आणि मधल्या काळासाठी अंतरिम भत्ता मागता येतो. तो मागायला लोक विसरतात. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अपील न्यायाधिकरणाकडे जावे. ज्येष्ठाला सोडून देणे हा कलम २४ खाली गुन्हाही आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दोन अडचणी आधीच सांगाव्यात, म्हणजे सभासद खोट्या आशेवर राहणार नाहीत. मुलाला घराबाहेर काढण्याचा आदेश दरवेळी मिळतोच असे नाही. आणि घरात सून असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील तिचा निवासाचा हक्क न्यायालय तोलून पाहते. डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसे बजावले आहे. सासू-सासऱ्यांचा अर्ज सुनेला रस्त्यावर आणण्याचे हत्यार म्हणून वापरण्याच्या प्रयत्नात संघाने कधीही सामील होऊ नये.

या सगळ्यासाठी संघाने काय करावे? संस्था नोंदणीचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे आणि असमर्थ सभासदाकडून घ्यायच्या अधिकारपत्राचा नमुना आजच तयार करावा, कारण गरज पडते तेव्हा माणूस रुग्णालयात असतो. कार्यकारिणीतील दोघांनी प्रांत कार्यालयात जाऊन अर्ज कोणत्या टेबलावर घेतात आणि सुनावणी कोणत्या वारी असते ते विचारून यावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला वर्षातून एक शिबिर मागावे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लागता मोफत मदत मिळते. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक सभासद-पत्राच्या पाठीमागे छापावा. व्याख्यानाऐवजी कागद घेऊन बसायची सभा ठेवावी : प्रत्येकाने सूची २, भागपत्र आणि पासबुकांच्या प्रती आणाव्यात, नॉमिनी कोण ते तपासावे, आणि मृत्युपत्राचा कच्चा मसुदा स्वतःच्या हाताने लिहून घरी न्यावा. मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका असे त्याच सभेत सांगावे, कारण लॉकर उघडण्याआधी कोणालाच ते वाचता येत नाही. ते व्यवस्थापकाकडे द्यावे, किंवा सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवावे, आणि कुठे ठेवले आहे हे किमान दोघांना सांगावे.

आणि कोणी सभासद ‘उद्या सकाळी मुलाबरोबर रजिस्ट्रेशनला जायचे आहे’ असे सांगायला आला, तर त्याला दस्ताचा मसुदा घेऊन आदल्या संध्याकाळी संघात बोलवा. अटीचा परिच्छेद त्यात आहे का ते कार्यकारिणीतल्या कोणीतरी वाचून पाहावे. नसेल तर तारीख पुढे ढकलायला सांगा.

आपले,
ज्येष्ठांच्या मालमत्तेचे दस्त करणारे काही वकील व दस्तलेखक